बारावा चमचा

"सत्याले कोणीच कोंडून ठेवू शकत नाही!"

पुंजाजी हिवराळे यांनी हे वाक्य खुर्चीतून उठून, काठी न टेकता, बैठकीतल्या साऱ्या माणसांवर नजर फिरवत उच्चारलं. ब्याऐंशीव्या वर्षी काठी न टेकता बोललेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या मनावर जरा जास्तच ठसतं. मग त्यांनी सुनेला खूण केली, आणि सुवर्णानं स्टुलावर चढून कपाटावरून सत्य खाली उतरवलं. ते एकोणतीस वर्षं एका व्हीसीआरमध्ये कोंडलेलं होतं. त्यावर विणलेला रुमाल होता आणि रुमालावर दोन बदकं होती.

"हळू," पुंजाजी म्हणाले, आणि काठी टेकून खाली बसले.

भांडण एवढंच होतं. १९९६च्या मे महिन्यात, याच नांदुऱ्यात, प्रेमानंद आणि सुवर्णाचं लग्न लागलं. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, आणि घरच्या जावयांना टोपी-दुपट्ट्याच्या मानासाठी माइकवरून स्टेजवर बोलावण्यात आलं. थोरले जावई अर्जुनराव तायडे यांचं म्हणणं, माझं नाव घेतलंच नाही; भर मांडवात अपमान झाला आणि मी उपाशीपोटी मलकापूरची गाडी धरली. त्यांचे मेव्हणे पुंजाजी यांचं म्हणणं, नाव तीनदा घेतलं, कॅसेटमध्ये आहे. अर्जुनराव म्हणाले, मंग दाखवा. आणि दाखवायच्या दिवशीच कॅसेट मशीनमध्ये अडकली.

त्यानंतर अर्जुनरावांनी हिवराळ्यांच्या घरचं पाणी वर्ज्य केलं. बायकोचंही त्यांनीच करून टाकलं, तिला वेगळं विचारण्यात वेळ घालवला नाही.

मशीन इतकी वर्षं दुरुस्त का केलं नाही, असं एखादा परका विचारायचा. पुंजाजी रेल्वेत मुकादम होते. रुळावर काही घडलं की साहेब येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नोकरीतला पहिला धडा. त्यांनी पुराव्यावर रुमाल टाकला आणि साहेबाची वाट पाहिली. दरम्यान ते निवृत्त झाले, सीडी आल्या आणि गेल्या, आणि 'कॅसेटात आहे' हे वाक्य घरात इतकं रुळलं की दुधात पाणी निघालं तरी कोणीतरी ते म्हणायचं.

शेवटी नात उठली. रेणुकाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ती एकटी मलकापूरला गेली, अर्जुनरावांसमोर पत्रिका ठेवली आणि म्हणाली, "आजोबा, मशीन उघडणारा माणूस मी आणते. तुम्ही फक्त या."

अर्जुनरावांनी जन्मभर जिनिंगच्या वजनकाट्यावर काम केलं होतं. ते तोलूनच बोलायचे. "येतो," ते म्हणाले. "नाव निघालं, त लग्नाले येतो. नाही निघालं, त तुह्या आबानं मले पुन्हा कधी पत्रिका पाठवायची नाही. अन् तुही आजी या जन्मी त्या घरात जाणार नाही. सांग जाऊन."

असा हा निकाल लागायचा होता. आणि तो ऐकायला ती आजी, म्हणजे सत्यभामाबाई, आज माहेरच्या बैठकीत दाराजवळच्या खुर्चीवर, पाहुणीसारखी, पदर सावरून बसली होती.

*

एकोणतीस वर्षांत सत्यभामाबाईनं हे घर फक्त गाडीतून पाहिलं होतं. अकोल्याला लेकीकडे जाताना नांदुरा आलं की ती खिडकीशी सरकायची. घर दिसत नसे, पाण्याची टाकी दिसे. टाकी दिसली की ती मनात म्हणायची, दादा जेवला असंल. माय वारली तेव्हा ती आली, पण स्मशानातूनच परत गेली. आईला निरोप देऊन आलेल्या लेकीच्या हातावर वहिनीनं पाणी घालायचं, तर अर्जुनराव रिक्षात बसून हॉर्न वाजवायला सांगत होते.

आता तिच्यासमोर लिंबाच्या शरबताचा ग्लास होता. तसाच एक अर्जुनरावांसमोर होता. अर्जुनरावांनी तो दोन बोटांनी चार इंच पुढे सरकवला.

"आधी निकाल," ते म्हणाले.

सत्यभामाबाईनंही आपला ग्लास चार इंच सरकवला. सवय होती.

त्या कॅसेटमध्ये काय आहे ते साऱ्या बैठकीत फक्त तिलाच ठाऊक होतं. निदान असं तिला वाटत होतं.

"बापू, होईन ना हे?" प्रेमानंदनं मशीन उघडायला आलेल्या हिंमतरावांना विचारलं.

हिंमतराव खाली सतरंजीवर पाना-पेचकस मांडून बसले होते. सत्तरीचे गृहस्थ. एके काळी खामगावात त्यांचा व्हिडिओ हॉल होता, आणि हे मशीन त्यांनीच हिवराळ्यांना जुनं म्हणून विकलं होतं. "होईन न होईन, गॅरंटी त संपली," ते म्हणाले. "पोरी, टॉर्च धर. हालवू नको."

रेणुकानं मोबाइलचा टॉर्च धरला. चार स्क्रू निघाले. झाकण निघालं. आतून पाल निघाली, ती सत्याशी काही संबंध नसल्यासारखी खिडकीकडे गेली.

"टेप ड्रमले गुंडाळून बसली आहे," हिंमतराव म्हणाले. "पट्टा वाळून कडक झाला. पण पट्ट्यानं नाही अडकली. आत काहीतरी आहे."

"काय आहे?" पुंजाजी पुढे वाकले.

"चमकून राह्यलं."

हिंमतरावांनी चिमटा आत घातला, मान तिरपी केली, जीभ दातांत धरली. टेपला धक्का न लावता ती वस्तू बाहेर काढायला त्यांना दहा मिनिटं लागली. मग त्यांनी ती वस्तू लुंगीला पुसली आणि उजेडात धरली.

"हा मशीनचा पार्ट नाही," त्यांनी जाहीर केलं.

तो चहाचा चमचा होता. स्टीलचा. दांड्यावर, भांड्यांच्या दुकानात टोचून घालतात तसं, बारीक ठिपक्यांचं नाव होतं. हिंमतरावांनी डोळे बारीक करून वाचलं.

"ज. पुं. हि."

*

ज. पुं. हि. म्हणजे जनकाबाई पुंजाजी हिवराळे. या घरातल्या प्रत्येक भांड्यावर हे नाव होतं. गंजावर, परातीवर, गाळणीच्या कडेवर. जनकाबाईला दोष द्यायचा तर एवढाच देता येईल, की आयुष्यात एकदाच गुन्हा केला आणि तो नाव घातलेल्या हत्यारानं केला.

पण सुवर्णाच्या डोळ्यांसमोर आधी दुसरंच आलं. लग्नाच्या आठवड्यात आणलेला एक डझन चमच्यांचा सेट. आठव्या दिवशी मोजले तेव्हा अकरा. घरात नवीन माणूस एकच आलं होतं. कोणी काही बोललं नाही. हिवराळ्यांकडे असं बोलत नसत. फक्त पाहुणे आले की कोणीतरी चमचे मोजायचं आणि म्हणायचं, "अकराच." सुवर्णाच्या आईनं दोनदा नवा चमचा पाठवला होता. त्यावर नाव नव्हतं, म्हणून तो डझनात धरला गेला नाही.

सुवर्णानं पुढे होऊन हिंमतरावांच्या हातातून चमचा घेतला. उलटा करून पाहिला. मग सासूकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "एकोणतीस वर्षं मी या चमच्याची चोर आहो."

आतल्या दारात उभ्या असलेल्या जनकाबाईनं मान खाली घातली.

"माय, काय आहे हे?" प्रेमानंद उठला. "लहान पोट्ट्यांपैकी कोणी टाकला असंल..."

"पोट्टे कुठं होते तवा घरात?" सुवर्णा म्हणाली. "मी होती अन् चमचे होते."

पुंजाजींचं तोंड उघडं राहिलं होतं. खालची कवळी आज लावली नव्हती, ते सगळ्यांना कळलं. "जनके," ते म्हणाले, "तू टाकला?"

"हाव."

"मुद्दाम?"

"चमचा काय आपल्या पायानं जाते का मशीनीत?"

अर्जुनराव उठले, दुपट्टा झटकला आणि बोलले. या वेळी तोलण्याचं कारण नव्हतं.

"पाह्यलं? सापडला चोर! नाव घेतलं असतं त मशीनीत चमचा काऊन कोंबला असता? बोला ना, मुकादम! तुमच्याच घरात, तुमच्याच बायकोनं, तुमच्याच नावाचा चमचा! सत्यभामे, ऊठ. झाला निकाल."

पुंजाजींनी बहिणीकडे पाहिलं, मग बायकोकडे. गेली एकोणतीस वर्षं ते ज्या वाक्यावर उभे होते ते वाक्य पायाखालून सरकत होतं. नाव घेतलं होतं ना आपण? की नाही? माइक प्रेमानंदच्या दोस्ताकडे होता. तो बोलत होता, आवाज फाटत होता. आपण ऐकलं होतं, की ऐकलं असं म्हणता म्हणता ऐकलं?

"जनके," त्यांचा आवाज अगदी लहान झाला, "नाव नव्हतं का व?"

जनकाबाई मशीनकडे पाहत होती.

"बोल ना!"

"ते मशीन बंद करा अन् ठेवा वर," ती म्हणाली. "म्या केलं, मले बोला. जावईबुवा, मी हात जोडते. माफी मागतो आमी. लग्नाले या. पण ते पाहू नका."

"पाहू नका?" अर्जुनराव कडाडले. ते पुन्हा बसले, आणि मांडी घातली. "आता त पाहूनच जातो. बापू, लावा!"

अर्जुनरावांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते त्या क्षणी खोटं बोलत नव्हते. ही हकीकत त्यांनी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितली होती, की त्या दिवशीची भूक त्यांना खरोखर आठवायची. गाडीत बसल्यावर पोटात पडलेला खड्डा आठवायचा. बोदवडच्या अलीकडे आलेली घेरीसुद्धा आठवायची, वास्तविक मलकापूर बोदवडच्या आधीच येतं.

*

हिंमतरावांनी ड्रमभोवतीची टेप बोटाच्या टोकानं सोडवली. वीतभर भाग चुरगळला होता. तो त्यांनी नखानं सरळ केला, स्पिरिटाचा बोळा फिरवला, कॅसेटची चकरी बोटानं उलटी थोडी फिरवून टेप आत घेतली. नवा पट्टा चढवला. वायरी टीव्हीला जोडल्या.

"सुरुवातीपासून लावा," प्रेमानंद म्हणाला. "वंदनेपासून."

"मागं घेतली त तुटंल. जिथं अडकली होती, तिथूनच चालवतो."

जनकाबाईनं डोळे मिटले. आणि सत्यभामाबाईनं, वहिनीला डोळे मिटताना पाहून, आपले उघडे ठेवले. वयनीले काऊन भेव वाटून राह्यलं? तिले काय माईत?

टीव्हीवर आधी पाऊस पडला. मग आडव्या पट्ट्या. मग पट्ट्यांतून मांडव वर आला, निळ्या-पांढऱ्या कापडाचा, आणि माइकचा फाटका आवाज खोलीत शिरला.

"...आमचे थोरले जावई, मलकापूर निवासी, आयुष्मान अर्जुनराव तायडे यांनी कृपया स्टेजवर यावे..."

पुंजाजी काठीशिवाय उठले.

"...अर्जुनराव तायडे, दुसऱ्यांदा विनंती..."

"तीनदा!" पुंजाजींनी बोट वर केलं. "तीनदा येते, ऐका!"

"...अर्जुनराव तायडे, जिथं असतील तिथून स्टेजवर यावे..."

"आलं का नाही? कॅसेटात आहे का नाही?" पुंजाजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. प्रेमानंदनं बापाला मिठी मारली. रेणुका ओरडली, "आजोबा, लग्नाला यायचं हां आता!" सुवर्णानं मात्र चमचा धरलेल्या हातानं टीव्हीकडे खूण केली.

"थांबा," ती म्हणाली. "ते पाहा."

कॅमेरावाल्याला स्टेजवर कोणी येत नाही म्हटल्यावर कंटाळा आला असावा. त्यानं कॅमेरा मांडवभर फिरवला. मांडवाच्या टोकाला पंगत बसली होती. पत्रावळी, द्रोण, पाण्याचा पिंप. पिंपाशेजारी पुंजाजींची आई, हातात पंखा घेऊन, कोणाकडे तरी पाहून हसत होती. पुंजाजींचा हात आपोआप टीव्हीकडे गेला. "माय..." ते म्हणाले. तोवर कॅमेरा पुढे सरकला आणि थांबला.

पंगतीत तिसरा माणूस अर्जुनराव होता.

एकोणपन्नास वर्षांचा, काळ्याभोर मिशीचा, सफारी घातलेला, तोंडात बुंदीचा मोठा घास असलेला अर्जुनराव. माइकवर पुन्हा 'स्टेजवर यावे' झालं. अर्जुनरावनं मान वर केली, स्टेजकडे पाहिलं, ऐकलं. स्वच्छ ऐकलं. शेजारी बुंदीची बादली घेऊन उभ्या असलेल्या बाईनं त्याच्या खांद्याला हात लावून स्टेजकडे बोट दाखवलं. त्यानं मान हलवली आणि पत्रावळ पुढे केली. बाईनं एक ओगराळं बुंदी वाढली. त्यानं बोटानं सांगितलं, आणखी एक.

बाईनं कॅमेऱ्याकडे वळून पाहिलं. ती सत्यभामाबाई होती.

इथं चित्र फाटलं, पाऊस आला, आणि मशीननं आपल्या परीनं काम संपवलं.

*

पंखा फिरत होता. हिंमतरावांनी पान्याला फडकं पुसायला सुरुवात केली, मग लक्षात येऊन फडक्यानं पाना पुसायला घेतला. पुंजाजी खुर्चीची पाठ धरून उभे होते. बसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"तो मी नाही," अर्जुनराव म्हणाले.

रेणुका एकदा टीव्हीकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागली.

"माह्यासारखा कोणी असंल. सफारी त तवा सारेच घालत होते."

तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवरून आवाज आला. तो आवाज या घरानं एकोणतीस वर्षं ऐकला नव्हता, आणि अर्जुनरावांनी तर कदाचित कधीच नाही.

"तुमी नाही, त मंग मी कोणाले वाढून राह्यली हो?"

अर्जुनरावांनी बायकोकडे पाहिलं.

"सकाळच्या पाळीहून सुटून आले होते," सत्यभामाबाई भिंतीला सांगावं तसं सांगू लागली. "भूक लागली म्हणाले. पहिल्या पंगतीत बसले. जावयानं कोणी न म्हणता पंगतीत बसायचं नसते, हे त्याहिले बसल्यावर आठवलं. तेवढ्यात नाव घेतलं. तोंडात घास. उठणार कसे? मी म्हटलं, जा. म्हणे, बुंदी संपू दे. मंग टोपी-दुपट्टा धाकल्या जावयाले गेला. गाडीत म्हणाले, मी उपाशी. मले वाटलं, चार दिवसात इसरतीन."

"सत्यभामे," पुंजाजी म्हणाले, "तुले माईत होतं?"

"हाव, दादा."

"माय गेली तवाही?"

तिनं मान हलवली. "बाहेर त्याहिले खोटं पाडून मी घरी कुठं जाणार होती?"

पुंजाजी बायकोकडे वळले. "अन् तू?"

"कॅसेट आली तवा प्रेमानंद लावून बाहेर गेला," जनकाबाई म्हणाली. "मी चहा ढवळत होती. दिसलं मले, खात्री करायले थोडी मागं घेतली. संध्याकाळी तुमी पन्नास माणसं बलावली होती पाह्याले, जावईबुवाले धरून. म्हटलं, पन्नास माणसात याहिची मान खाली गेली, त हे घरी जाऊन राग कोणावर काढतीन?" तिनं नणंदेकडे पाहिलं. "हातात चमचा होता. सारला आत. म्हटलं, जावयाचा रुसवा, पुढच्या भीमजयंतीपर्यंत निवळंल."

"मले काऊन नाही सांगितलं, वयनी?"

"तुमी मले काऊन नाही सांगितलं?"

एकच गोष्ट दोघींनी, दोन गावांत, एकमेकींपासून लपवून सांभाळली होती. एकीनं माणसाची लाज राखली, दुसरीनं त्या माणसाच्या बायकोची, आणि हिशेब म्हणून एकीच्या हाती गाडीतून दिसणारी पाण्याची टाकी आली होती आणि दुसरीच्या हाती अकरा चमचे.

सुवर्णा मध्ये उभी होती. चमचा सासूवर उगारावा की कपाळाला लावावा, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिनं तो पदराला पुसला.

"माह्या मायले फोन करून सांगजा, आई," ती म्हणाली. "तुमच्या तोंडानं."

"सांगतो ना व," जनकाबाई म्हणाली.

सत्यभामाबाई उठली. तिनं आपला शरबताचा ग्लास उचलला आणि उभ्यानं, एका दमात, सगळा प्यायली. ग्लास ठेवला. पदरानं तोंड पुसलं.

"दादा, मी आता लग्न झाल्याशिवाय जात नाही. वयनी, माह्यी पिशवी आत ठेवा." मग नवऱ्याकडे वळून, "तुमची गाडी पाच वाजताची आहे. जायचं असंल त जा. राह्यचं असंल त राहा. पण मलकापुरात आता कोणी इचारलं, त मी खरं सांगीन."

एवढं बोलून ती आत गेली. एकोणतीस वर्षांनी तिनं आतला उंबरा ओलांडला तेव्हा तिचं लक्ष नव्हतं. स्वयंपाकघर कुठल्या बाजूला गेलंय हे ती शोधत होती.

आता साऱ्यांचे डोळे अर्जुनरावांवर आले. ते भिंतीकडे पाहत होते. मिशी पांढरी झाली होती, सफारी गेली होती. पाळीहून आलेला भुकेला माणूस त्यांना आत्ता कुठं भेटला होता, आणि तो आपणच असल्याचं त्यांना अजून पटत नव्हतं. पुंजाजींना वाटलं, हा आता उठून जाईल. प्रेमानंदला वाटलं, चक्कर येऊन पडेल. रेणुकाला वाटलं, माफी मागतील, आणि तिनं न कळत मोबाइलचा कॅमेरा चालू केला.

"मामाजी," प्रेमानंद हळूच म्हणाला, "काहीतरी बोला."

अर्जुनरावांचा हात सावकाश पुढे आला. चार इंचांवरचा ग्लास त्यांनी दोन बोटांनी स्वतःकडे ओढला. बर्फ कधीच विरघळला होता. त्यांनी एक घोट घेतला. सगळ्या बैठकीनं तो घोट त्यांच्याबरोबर गिळला. त्यांनी तोंड वाकडं केलं, ग्लास उजेडात धरून तळाकडे पाहिलं, आणि सुवर्णापुढे हात पसरला.

"साखर खाली बसली, पोरी," ते म्हणाले. "तो चमचा दे जरा."